घरच्या राउटरवर डीएचसीपी नीट लावायचं तर

डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक उपकरणाला जाळ्यावरचा आकडी (आयपी) पत्ता आपोआप वाटायची राउटरमधली सोय. बहुतेक घरांत राउटर आला त्या दिवसापासून ती चालूच असते. इंटरनेटवाला येतो, भिंतीवर डबा ठोकतो, मोबाइलवर वाय-फाय लावून दाखवतो आणि जातो. चार मोबाइल आणि एक लॅपटॉप एवढाच पसारा असेपर्यंत त्यात काही बिघडत नाही. प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, स्मार्ट टीव्ही आणि आतल्या खोलीसाठी घेतलेला दुसरा राउटर आला की कुरबुरी सुरू होतात. काल छापणारा प्रिंटर आज ‘ऑफलाइन’ दाखवतो. आतल्या खोलीत वाय-फायची रेंज फुल्ल, पण नेट नाही. लाइट जाऊन आली की कॅमेरे दिसेनासे होतात.

यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ पत्तेवाटपात असतं, आणि त्यावरचा नियम साधा आहे. घरात पत्ते वाटणारा राउटर एकच असावा आणि ज्या उपकरणाला कायमचा पत्ता हवा त्यालाही तो त्याच राउटरने द्यावा, उपकरणात हाताने घालू नये. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते पुढे सांगतो.

पत्ता मिळतो कसा

मोबाइल वाय-फायला जोडला जातो तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा पत्ता नसतो. म्हणून तो ०.०.०.० असं लावून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे घरच्या जाळ्यातल्या सगळ्यांनाच, हाक मारतो: पत्ता कोण देतं? राउटर एक पत्ता पुढे करतो, मोबाइल ‘हाच द्या’ म्हणतो आणि राउटर तो पक्का करतो. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक्नॉलेज असे हे चार निरोप असतात. सगळं ठीक असेल तर आपल्याला कळायच्या आत काम झालेलं असतं.

पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी मिळतात. सबनेट मास्क, म्हणजे घरचं जाळं कुठून कुठपर्यंत. गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा कोणता. आणि डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधायचा तर विचारायचं कोणाला. पत्ता मिळाला पण गेटवे चुकीचा आला, तर मोबाइल ‘कनेक्टेड’ म्हणतो आणि नेट मात्र चालत नाही. हे लक्षात ठेवा, दुसऱ्या राउटरच्या भानगडीत हेच घडतं.

हा पत्ता अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखा मुदतीवर असतो. अर्धी मुदत सरली की उपकरण स्वतःहून मुदतवाढ मागतं. ज्याने पत्ता दिला त्याचं उत्तर आलंच नाही, तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत झाल्यावर जाळ्यात जो कोणी सर्व्हर असेल त्याच्याकडे मागतं. हे नियम १९९७ सालच्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातले; डीएचसीपीचा पहिला मसुदा १९९३ चा. त्याआधी कार्यालयांतून एक माणूस वही घेऊन प्रत्येक संगणकात हाताने पत्ते घालत फिरायचा. डीव्हीआर बसवणारे अजूनही तेच करतात, त्याबद्दल पुढे.

आधी पाहणी

फायबरचं कनेक्शन असेल तर कंपनीने लावलेला डबा हा बहुधा नुसता मोडेम नसतो, तो स्वतःच राउटर असतो आणि पत्तेही वाटतो. त्याच्यापुढे तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल तर घरात दोन राउटर आहेत, हे आधी मान्य करा. तुमचा मोबाइल कोणाकडून पत्ता घेतोय ते आता बघायचं.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, वाय-फाय, आणि जोडलेल्या नावापुढचं ‘आय’ चिन्ह दाबा. तिथे ‘आयपी अ‍ॅड्रेस’ आणि ‘राउटर’ अशा ओळी दिसतात. अँड्रॉइडमध्ये वाय-फायच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबलं की बऱ्याच मॉडेलांत ‘गेटवे’ दिसतो. विंडोजमध्ये सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘स्लॅश ऑल’ जोडून देणं. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’बरोबर ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी वेगळी ओळ असते. पत्ता नेमका कोणी दिला ते तिथे लिहिलेलं असतं. पुढे काही अडलं तर पहिल्यांदा हीच ओळ बघा.

गेटवेचा जो आकडा दिसेल तो ब्राउझरच्या पत्तापट्टीत टाका, गूगलच्या शोधचौकटीत नव्हे. कीबोर्ड इंग्रजीच ठेवा, आकडे देवनागरी चालत नाहीत. टीपी-लिंकच्या घरगुती राउटरांवर बहुधा १९२.१६८.०.१ असतो, बऱ्याच फायबर डब्यांवर १९२.१६८.१.१, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं ब्राउझर म्हणाला तर घाबरू नका, घरातल्याच डब्याशी बोलताय. मोबाइलवरून करत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. वाय-फायवर नेट नसेल तर फोन परस्पर डेटावरून बाहेर जातो आणि पान उघडतच नाही. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने जोडून हे काम करा.

लॉगिन आणि पासवर्ड बहुधा डब्याच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर काहीही बदलायच्या आधी ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ शोधा आणि सध्याच्या सेटिंगची फाइल उतरवून घ्या. आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो: कंपनीच्या डब्याचं बारीक छिद्रातलं रिसेट बटण गंमत म्हणून दाबू नका. स्वतःचा राउटर रिसेट झाला तर तासाभराचं काम वाढतं. कंपनीच्या डब्यातली जोडणीची माहिती, म्हणजे पीपीपीओईचं युजरनेम किंवा व्हीलॅनचा क्रमांक, पुसली गेली, तर त्यांचा माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय. शनिवारी संध्याकाळी तर अजिबात नको.

याच कारणासाठी ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ नावाच्या पानाला हात लावू नका. तिथे दिसणारं ‘डायनॅमिक आयपी’ हे कंपनीकडून राउटरला मिळणाऱ्या पत्त्याबद्दल आहे. आपल्याला काम आहे ते ‘लॅन’ (म्हणजे घरचं जाळं) आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ या पानांशी.

कागदावर आखणी

सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल (घरांत जवळजवळ नेहमी हाच असतो), तर शेवटचा आकडा १ ते २५४ मधला वापरता येतो. म्हणजे २५४ पत्ते. एका घराला ते भरपूर झाले, म्हणून वाटपात कंजुषी करायचं कारण नाही. मी असे भाग पाडतो: १ राउटरला. २ ते ९ दुसरा राउटर, स्विच अशा जाळ्याच्या सामानाला. १० ते ४९ प्रिंटर, डीव्हीआर, टीव्ही, हार्डडिस्क-पेटी अशा जागेवर बसणाऱ्या वस्तूंना. १०० ते १९९ येणाऱ्या-जाणाऱ्या मोबाइल-लॅपटॉपांना, हा झाला डीएचसीपीचा पूल, म्हणजे आपोआप वाटायच्या पत्त्यांचा साठा. बाकीचे आकडे मोकळे राहू द्या.

तिसरा आकडा बदलायचा का, हाही प्रश्न याच वेळी सोडवा. घरून ऑफिसचं काम करणाऱ्यांनी तो बदललेला बरा. ऑफिसच्या जाळ्यातही १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ची मालिका असेल आणि घरीही तीच असेल, तर व्हीपीएन (घरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायची सोय) जोडल्यावर ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधला जातो आणि काही फोल्डर उघडतच नाहीत. १९२.१६८.३७ सारखी आडवळणाची मालिका घेतली की हा टकराव बहुधा टळतो. दुसरा प्रसंग असा: कंपनीचा डबा १९२.१६८.१ वाटतो आणि तुम्ही नवीन आणलेला राउटरही १९२.१६८.१.१ वरच बसलेला. काही राउटर हे ओळखून आपली मालिका आपणच बदलतात. काही तसेच अडून बसतात आणि नेट चालत नाही.

खाजगी वापरासाठी १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्ते राखून ठेवलेले आहेत. त्याबाहेरचा मनाला येईल तो आकडा घरात वापरू नका. तो पत्ता जगात कोणाचा तरी खरा पत्ता असू शकतो.

सेटिंग

टीपी-लिंकच्या आर्चर मालिकेत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग ‘नेटवर्क’, मग ‘डीएचसीपी सर्व्हर’. जुन्या मॉडेलांत डावीकडच्या यादीतच ‘डीएचसीपी’ लिहिलेलं असतं. फायबर डब्यांवर ते सहसा ‘लॅन’ किंवा ‘नेटवर्क’च्या पोटात सापडतं. पानाचं रूप वेगळं असलं तरी रकाने तेच.

राउटरचा स्वतःचा पत्ता बदलायचा असेल तर ते आधी करा. ‘सेव्ह’ दाबताच पान लटकतं, कारण राउटर नव्या पत्त्यावर गेलेला असतो. वाय-फाय एकदा बंद-चालू करून नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा.

मग ‘एनेबल’वर खूण. ‘स्टार्ट आयपी’ १९२.१६८.३७.१००, ‘एंड आयपी’ १९२.१६८.३७.१९९. ‘डिफॉल्ट गेटवे’मध्ये राउटरचाच पत्ता, तो रकाना रिकामा असेल तर बहुतेक राउटर तोच धरतात.

‘लीज टाइम’, म्हणजे पत्त्याची मुदत, भरताना एकक बघा. टीपी-लिंक मिनिटांत विचारतो आणि मुळात १२० भरलेले असतात; काही डब्यांत सेकंद असतात, काहींत दिवस आणि तास निवडायचे. घरासाठी एक दिवस उत्तम: १४४० मिनिटं किंवा ८६४०० सेकंद. सेकंदांच्या रकान्यात १४४० टाकलं तर मुदत चोवीस मिनिटांवर येते आणि उपकरणं दर बारा मिनिटांनी मुदतवाढ मागत बसतात. गणपतीत किंवा लग्नघरात पाहुण्यांची वर्दळ असते तेव्हा मुदत दोन तासांवर आणावी असं काही जण सुचवतात. पूल शंभराचा असेल तर मला त्याची गरज वाटत नाही.

डीएनएसचे रकाने रिकामे सोडले तरी चालतं, मग राउटर कंपनीचा डीएनएस पुढे करतो. तो रखडत असेल तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला. घरात लहान मुलं असतील तर क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे अश्लील आणि घातक साइट अडवणारे पत्ते घालता येतात. पण यात एक मेख आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनांवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पत्त्यांची पद्धत) चालू असतं आणि त्याचा डीएनएस वेगळ्या वाटेने, राउटरच्या आयपीव्ही६ सेटिंगमधून, उपकरणांपर्यंत पोचतो. इकडे गाळणी लावली आणि तिकडचं दार उघडं राहिलं, तर मोबाइल खुशाल त्या दाराने जातो. तेव्हा आयपीव्ही६च्या पानावरही डीएनएस बदला. डीएनएस सोडलं तर आयपीव्ही६चं पत्तेवाटप मात्र आहे तसं राहू द्या, ते आपलं आपण बरं चालतं.

‘सेव्ह’ केल्यावर जुनी उपकरणं लगेच नवा पत्ता घेत नाहीत. प्रत्येकावर वाय-फाय बंद-चालू करा. आयफोनवर त्यासाठी ‘रिन्यू लीज’ असं वेगळं बटणच आहे. टीव्ही आणि प्रिंटर सरळ भिंतीवरच्या बटणापासून बंद करून चालू करावेत.

पत्ता राखून ठेवणं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. कॅमेरे बसवणारा येतो आणि डीव्हीआरमध्ये हाताने पत्ता घालून जातो, किंवा कारखान्यातून आलेला तसाच ठेवतो: दाहुआच्या यंत्रांवर मुळात १९२.१६८.१.१०८ असतो, हिकव्हिजनच्या बऱ्याच यंत्रांवर १९२.१६८.१.६४. राउटरला याची खबरच नसते. त्याच्या लेखी १०८ हा पूलमधला मोकळा आकडा.

आता दुपारी लाइट गेली. राउटर छोट्या यूपीएसवर आहे, म्हणून चालू. डीव्हीआरला बॅकअप नाही, तो बंद. त्याच वेळी मावशीचा मुलगा आला आणि त्याने वाय-फायचा पासवर्ड मागितला. राउटर पत्ता देण्याआधी तो कोणी वापरतंय का हे तपासत असला, तरी त्या क्षणी १०८ वर कोणीच उत्तर देत नाही. गेला १०८ मोबाइलला. लाइट आली, डीव्हीआर जागा झाला आणि त्यानेही १०८ वर बस्तान मांडलं. एका पत्त्यावर दोघे. कधी कॅमेरे दिसतात, कधी मोबाइलचं नेट अडतं, आणि पाहुणा गेल्यावर सगळं आपोआप नीट होतं. कॅमेरेवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, ‘साहेब, माझ्याकडून तर चालू दिसतंय.’

उपाय असा. डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी’वर खूण करा. मग राउटरवर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ (कुठे ‘स्टॅटिक डीएचसीपी’, कुठे ‘आयपी अँड मॅक बाइंडिंग’) उघडा, ‘अ‍ॅड’ दाबा, डीव्हीआरचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी भरा, ‘सेव्ह’ करा. मॅक पत्ता म्हणजे बारा अक्षर-आकड्यांची ओळख. ती यंत्राच्या स्टिकरवर असते, पण टाइप करण्यापेक्षा राउटरच्या ‘क्लायंट लिस्ट’मधून निवडणं बरं, शून्य आणि आठ यांत घोळ होतो. कॅमेऱ्याचं अ‍ॅप जुन्याच पत्त्यावर बांधलेलं असेल आणि मालिकाही जुनीच ठेवली असेल, तर तोच आकडा राखून ठेवा, म्हणजे बाकी काही बदलावं लागत नाही.

काही राउटर पूलबाहेरचा पत्ता राखू देत नाहीत आणि ‘इनव्हॅलिड’ म्हणतात. तिथे पूल १० पासून सुरू करा आणि १० ते ४९ मधले हवे तेवढे राखून ठेवा. राखलेला आकडा राउटर दुसऱ्या कोणाला देत नाही, त्यामुळे पूलच्या आत असला तरी भीती नाही.

या पद्धतीचा खरा फायदा कनेक्शन बदलल्यावर कळतो. १९२.१६८.१ वाल्या डब्याच्या जागी १९२.१६८.२९ वाला आला की हाताने पत्ता घातलेला प्रिंटर दिसेनासा होतो आणि त्याच्या दोन इंचांच्या पडद्यावर बाणांनी आकडे भरत बसावं लागतं. डीएचसीपीवर असलेला प्रिंटर मुकाट्याने नवा पत्ता घेतो. नव्या राउटरवर एक ओळ भरली की झालं.

दोन बारकावे. लॅपटॉप आणि टीव्हीला केबलचा मॅक वेगळा आणि वाय-फायचा वेगळा असतो, ज्याने जोडला असेल तोच घ्या. आणि मोबाइल: अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायवर बनावट मॅक दाखवतात. ते खाजगीपणासाठी चांगलंच आहे. पण मोबाइलसाठी पत्ता राखायचा असेल तर फक्त घरच्या वाय-फायपुरतं ‘प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस’ बंद करा किंवा ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडा. बाहेर ते चालूच असू द्या.

दुसरा राउटर

आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून जुना राउटर कपाटातून काढला, मुख्य राउटरपासून केबल ओढली आणि पिवळ्या लॅन पोर्टात खोचली. आता घरात पत्ते वाटणारे दोन. हाक सगळ्यांना ऐकू जाते, त्यामुळे ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता मोबाइल धरतो. जुन्या राउटरने १९२.१६८.०.१०३ दिला तर गेटवे म्हणून तो स्वतःलाच पुढे करतो, आणि त्याच्या वॅन पोर्टात तर काहीच नाही. म्हणजे दरवाजा सांगितला तिथे भिंत. फुल्ल रेंज आणि नेट नाही, ते हे. त्यातही बायकोचा फोन चालतो आणि आपला नाही, कारण तिच्या फोनला मुख्य राउटरचं उत्तर आधी मिळालेलं असतं.

जुन्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (फक्त वाय-फाय पसरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर तो निवडा, मग बाकीचं तो स्वतः करतो. नसेल तर हाताने, आणि क्रम महत्त्वाचा. मुख्य राउटरपासून तो सोडवा आणि लॅपटॉप त्याला केबलने जोडा. आधी त्याचा लॅन पत्ता मुख्य मालिकेतला करा, आपल्या आखणीप्रमाणे १९२.१६८.३७.२. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून मग डीएचसीपी बंद करा. वाय-फायचं नाव-पासवर्ड डीएचसीपी बंद करण्याआधीच लावून घ्या, कारण डीएचसीपी बंद झाल्यावर हा राउटर लॅपटॉपला पत्ता देणार नाही. शेवटी मुख्य राउटरची केबल याच्या लॅन पोर्टात. वॅन पोर्ट रिकामा.

वॅन पोर्टात केबल लावली तरी नेट चालतं, हे खरं. पण मग त्या राउटरमागे वेगळं जाळं तयार होतं. आतल्या खोलीतल्या मोबाइलला बाहेरचा प्रिंटर सापडत नाही आणि टीव्हीवर फोटो पाठवता येत नाहीत. भाडेकरूला किंवा वरच्या मजल्याला मुद्दाम वेगळं ठेवायचं असेल तरच तसं करा.

अडलंच तर

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर उपकरणाला कोणाचंच उत्तर आलेलं नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला आहे. डीएचसीपी बंद पडलंय, केबल सैल आहे किंवा पूल संपलाय. पूल संपणं घरात क्वचितच, पण एखाद्याने तो १०० ते ११० असा ठेवलेला मी पाहिला आहे.

पत्ता बरोबर, गेटवे बरोबर, आणि फक्त वेबसाइट उघडत नाहीत: डीएनएस तपासा. एकाच उपकरणाची तक्रार असेल तर राउटर सोडा, त्या उपकरणात कोणी हाताने पत्ता घातलाय का ते बघा. विंडोजमध्ये ‘आयपी असाइनमेंट’पुढे ‘ऑटोमॅटिक (डीएचसीपी)’ दिसायला हवं.

डीव्हीआरचा पत्ता राखला, पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेली जोडणी राउटरने डीव्हीआरकडे वळवणं) केलं, तरी बाहेरून कॅमेरे दिसत नसतील तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता वाचा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा सरळ १० ने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. तिथे आपल्या डीएचसीपीत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. एक तर कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, नाही तर डीव्हीआरचं क्लाउड अ‍ॅप वापरा. ते आतून बाहेर जोडणी करतं, म्हणून त्याला याची अडचण येत नाही.